बारा वर्षांच्या पोराकडे लाइटबिल मागणारे

मंडळी, आज बडोद्याच्या आठवणी कमी आणि भांडण जास्त आहे. भांडण बेसबॉलचं आहे. हसू नका. आपल्यापैकी कित्येकांची नातवंडं आता अमेरिकेत वाढतात, त्यामुळे हा खेळ आपल्या घरात कधीच शिरलाय. माझा नातू न्यू जर्सीत लिटल लीग खेळतो आणि व्हिडिओ कॉलवर माझी परीक्षा घेतो, "आजोबा, सांगा बरं, फाऊल कशाला म्हणतात?"

गेल्या हिवाळ्यात लेक त्याच्या नावनोंदणीचे कागद जमवत बसली होती. जन्मदाखला, ते ठीक. पण त्याशिवाय राहत्या पत्त्याचे तीन वेगवेगळ्या गटांतले पुरावे! गाडीचा परवाना, शाळेचे कागद, वीज-पाण्याची बिलं, विमा वगैरे. मी म्हटलं, "अगं, पोरगं खेळायला चाललंय की रेशनकार्ड काढायला?" ती म्हणाली, "बाबा, पुढे ऑल-स्टार संघात घेतला तर हे सगळं लागतं. नाहीतर अख्खा संघ बाद होतो."

अख्खा संघ बाद होतो. हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. मग मी या स्पर्धेचा इतिहास शोधून शोधून वाचला, आणि जसजसं वाचत गेलो तसतसा संताप वाढत गेला.

थोडं सांगतो, म्हणजे सगळे एका पानावर येऊ. लिटल लीग १९३९ साली पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्ट गावात कार्ल स्टॉट्झ नावाच्या माणसानं सुरू केली. १९४७ पासून तिथे स्पर्धा भरते. दर ऑगस्टात जगभरचे दहा ते बारा वर्षांच्या मुलांचे संघ येतात, टीव्हीवर सामने दाखवतात, मैदानाबाहेरच्या गवताच्या टेकडीवर हजारो लोक बसतात. आता वीस संघ असतात, दहा अमेरिकेतले आणि दहा बाकी सगळ्या जगातले. (ही वाटणी बघा. त्याच्यावर पुढे येतोच.) प्रत्येक लीगला आपली हद्द आखून दिलेली असते. मूल त्या हद्दीत राहत असलं पाहिजे किंवा तिथल्या शाळेत असलं पाहिजे. आणि वय ठरलेल्या तारखेला बारापेक्षा जास्त नको.

वयाच्या नियमाशी माझं भांडण नाही, हे आधीच सांगून टाकतो. तिथे चेंडू टाकणारा आणि फलंदाज यांच्यात फक्त ४६ फूट अंतर असतं. मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये ते साठ फूट सहा इंच असतं. चौदा वर्षांचा, मिसरूड फुटलेला मुलगा ४६ फुटांवरून चेंडू फेकायला लागला तर समोरच्या बारा वर्षांच्या पोराला तो दिसणार कधी आणि मारणार कधी? २००१ साली ब्राँक्सच्या संघातल्या डॅनी अल्मॉन्टे या मुलानं तिथे परफेक्ट गेम टाकला, म्हणजे समोरच्या एकालाही पहिल्या बेसवर पोचू दिलं नाही. अमेरिका वेडी झाली. मग डोमिनिकन रिपब्लिकमधले कागद निघाले. जन्म १९८९ चा सांगितला होता, निघाला १९८७ चा. संघाचे सगळे विजय रद्द केले. मुलाच्या वडिलांवर आणि लीग चालवणाऱ्यावर आयुष्यभराची बंदी आली. मला हे पटतं. खोटं वय म्हणजे समोरच्या पोराच्या अंगाशी खेळ आहे, आणि शिक्षा झाली ती कागद करणाऱ्या मोठ्या माणसांना. आपल्याकडेही क्रिकेट बोर्ड कनिष्ठ गटातल्या मुलांच्या मनगटाचा एक्सरे काढून वय तपासतंच की.

पण एक गोष्ट विसरू नका. जन्मतारखेचा कागद जगात सगळीकडे सारखा पिकत नाही. आपल्याच आधीच्या पिढीत बघा. शाळेत नाव घालताना हेडमास्तर विचारायचे, "जन्म कधीचा?" आजी सांगायची, "पूर आला होता त्याच्या आदल्या वर्षी." मास्तर लिहायचे, १ जून. आमच्या आळीत १ जूनला निम्म्या काकालोकांचा वाढदिवस असायचा. ते सगळे लबाड होते काय?

आता युगांडाचं ऐका. २०११ साली कंपालाच्या मुलांनी मध्यपूर्व-आफ्रिका विभागाची स्पर्धा मैदानावर जिंकली. हरवलं कुणाला, तर सौदी अरेबियाच्या संघाला, म्हणजे धाहरानच्या तेल कंपनीच्या वसाहतीत राहणाऱ्या, मुख्यतः अमेरिकन कुटुंबांच्या मुलांना. आफ्रिकेतून पहिल्यांदाच एखादा संघ विल्यम्सपोर्टला जाणार होता. आणि अमेरिकेनं व्हिसा नाकारला. कारण? वयाच्या आणि जन्माच्या कागदांत फरक आढळले. मग गेलं कोण? हरलेला सौदीचा संघ. त्यांच्याकडे कागद चोख होते. असणारच. पगारदार कंपनी, कंपनीचं घर, कंपनीची शाळा.

कॅनडातल्या लँगलीच्या ज्या संघाशी युगांडाचा सामना व्हायचा होता, त्या संघातली मुलं पुढे २०१२ च्या जानेवारीत स्वतः युगांडात जाऊन खेळून आली. त्याच वर्षी ऑगस्टात लुगाझी गावचा दुसरा युगांडी संघ विल्यम्सपोर्टला पोचला आणि जाता जाता ओरेगॉनच्या संघाला ३-२ असं हरवून गेला. म्हणजे खेळाची लायकी नव्हती असं कुणी म्हणू नये. आधीच्या पोरांची मात्र बारा वर्षं पुन्हा आली नाहीत.

आता हद्दीच्या नियमावर येतो. माझं खरं भांडण याच्याशी आहे.

१९९२ साली फिलिपिन्सच्या झांबोआंगा शहराच्या संघानं अंतिम सामन्यात कॅलिफोर्नियाच्या लाँग बीचला १५-४ असं धुतलं. नंतर तिथल्याच वार्ताहरांनी शोधून काढलं की आठ मुलं शहराबाहेरची होती. विजय रद्द, लाँग बीच ६-० नं विजयी. २०१४ साली शिकागोच्या दक्षिण भागातल्या काळ्या मुलांचा जॅकी रॉबिन्सन वेस्ट हा संघ अमेरिकेचा विजेता ठरला. मुलं व्हाइट हाऊसमध्ये जाऊन अध्यक्षांना भेटून आली, शहरानं मिरवणूक काढली. शेजारच्या उपनगरातल्या एका लीगच्या पदाधिकाऱ्यानं तक्रार केली की काही मुलं हद्दीपलीकडची आहेत. फेब्रुवारी २०१५ मध्ये किताब काढून घेतला. सहा महिन्यांनी! तोपर्यंत पोरांनी तो शाळेत, चर्चमध्ये, आजी-आजोबांकडे सगळीकडे मिरवलेला. नकाशा कुणी वाढवून दाखवला? मोठ्यांनी. खाली मान घालून शाळेत कोण गेलं? मुलं.

आमचे साडू, मुंबईचे, पक्के कायदेवाले. ते फोनवर म्हणाले, "अहो, नियम म्हणजे नियम. हद्द नसेल तर पैसेवाला माणूस दहा गावांतली पोरं वेचून संघ करील. लाँग बीचच्या मुलांवर अन्याय नाही झाला का?" झाला, साडूसाहेब. आणि तुमचा पहिला मुद्दाही खरा आहे. लिटल लीगचा सगळा अर्थच असा की गल्लीतली पोरं गल्लीतल्या पोरांबरोबर खेळतील. हद्द असावी. पण हद्द तपासायची कधी? पहिला चेंडू पडण्याआधी की करंडक हातात दिल्यावर? संस्थेनं नकाशे मंजूर करायचे, कागद बघून सही करायची, टीव्हीवर सामने दाखवायचे, आणि नंतर म्हणायचं की आम्हाला कळलं नाही? कळलं नाही तर ती चूक कुणाची? अकरा वर्षांच्या शॉर्टस्टॉपची?

आणि "नियम म्हणजे नियम" म्हणणाऱ्यांना मला १९५५ ची गोष्ट सांगायचीय. साऊथ कॅरोलिनात चार्ल्स्टन शहरात कॅनन स्ट्रीट वायएमसीए नावाची काळ्या मुलांची लीग होती, रीतसर मान्यता असलेली. तिच्या ऑल-स्टार संघानं राज्य स्पर्धेत नाव घातलं. राज्यातल्या सगळ्या ६१ गोऱ्या लीगांनी खेळायला नकार दिला आणि माघार घेतली. कुणी खेळायलाच आलं नाही, त्यामुळे कॅनन स्ट्रीट राज्य विजेते ठरले. पुढे जॉर्जियात विभागीय स्पर्धा होती. तिथे नियम दाखवला: सामना खेळून जिंकलेल्या संघालाच पुढे जाता येतं. तुम्ही खेळला कुठे?

पुन्हा वाचा. त्यांच्याशी कुणी खेळलं नाही, आणि खेळला नाहीत म्हणून अपात्र. यातला प्रत्येक शब्द नियमाला धरून आहे. त्या मुलांना विल्यम्सपोर्टला पाहुणे म्हणून बोलावलं, मैदानावर थोडा सराव करू दिला, आणि मग प्रेक्षकांत बसवून दुसऱ्यांचा सामना बघायला लावला. गर्दी ओरडत होती, त्यांना खेळू द्या, खेळू द्या. नाही दिलं. २००२ साली, म्हणजे ती मुलं साठीकडे आल्यावर, त्यांना राज्य विजेतेपदाचं निशाण दिलं. आणि माघार घेणाऱ्या गोऱ्या लीगांनी काय केलं? आपली वेगळी संघटना काढली, ती पुढे भरभराटीला आली.

संस्थेचे नियम जिथे स्वतःच्या सोयीचे असतात तिथे किती लवचिक होतात तेही बघा. तैवानची पोरं १९६९ ला जिंकली, मग १९७१ पासून १९७४ पर्यंत सलग चार वर्षं. १९७५ साली परदेशी संघांनाच बंदी! चार अमेरिकन संघांत स्पर्धा उरकली. ओरड झाली, १९७६ ला परदेशी परत घेतले, पण अमेरिकेचे संघ एका बाजूला आणि जगाचे दुसऱ्या बाजूला अशी वाटणी करून. अंतिम सामन्यात एक अमेरिकन संघ असणारच, ही हमी त्या वाटणीत आहे. तैवान तरीही जिंकतच राहिलं, १९६९ ते १९९६ मध्ये एकूण सतरा वेळा, ते सोडा. (ते लोक पोरांना रगडतात फार, हेही खरं. पण तो वेगळा विषय.)

आता बडोद्याकडे या, कारण हे सगळं वाचताना मला आपलंच घर दिसत होतं.

आमचे पणजोबा सयाजीराव महाराजांच्या काळात साताऱ्याकडून आले, कारकुनी धरली, दांडिया बाजारात घर केलं. आजोबा जन्मले बडोदे संस्थानात. १ मे १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, म्हणजे वडिलांचं लग्न मुंबई राज्यात झालं. १ मे १९६० ला गुजरात झालं, तेव्हा मी चार वर्षांचा होतो. घर तेच. दरवाजा तोच, ओसरीवरची फरशीसुद्धा तीच. आम्ही कुठेच गेलो नाही, राज्यं येऊन गेली.

१९७१ साली मी पंधरा वर्षांचा होतो, जुम्मादादांच्या व्यायाम मंदिरात खोखो खेळायचो, आणि राज्याच्या कुमार संघाच्या शेवटच्या निवडीपर्यंत पोचलो होतो. यादी वाचताना समितीतल्या एका गृहस्थांनी माझं आडनाव वाचलं, चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "तमे तो महाराष्ट्रना ने?" मी म्हटलं, "ना साहेब, बडोदानो ज छुं." ते म्हणाले, मग मामलतदार कचेरीतून रहिवासाचा दाखला आण. बाकी कुणाला दाखला मागितला नाही. वडील रोज कचेरीत जाऊन बसायचे. दाखला अकराव्या दिवशी हातात पडला. संघ नवव्या दिवशी गाडीत बसला होता. वडिलांनी तो दाखला जपून ठेवला, माझ्या पुढच्या सगळ्या फॉर्मांना तो उपयोगी पडला. फक्त ज्याच्यासाठी काढला त्याला नाही.

त्या गृहस्थांनी कुठलाही नियम मोडला नव्हता हं. रहिवासी असावा असा नियम होताच. नियम सगळ्यांसाठी लिहिलेला असतो, विचारला मात्र ठरावीक आडनावांना जातो. बेळगाव, इंदूर, हैदराबादच्या मंडळींना हे मी नव्यानं सांगायला नको.

आणि याच शहरात मोठ्या माणसांच्या खेळात काय चालायचं? विजय हजारे सांगलीचे. खेळले बडोद्याकडून. १९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्यात, होळकरांच्या संघाविरुद्ध, त्यांनी आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा केल्या. हजारे २८८, गुल महंमद ३१९. गुल महंमद लाहोरचे! आमचे आजोबा तो सामना सांगायला लागले की जेवणं थंड व्हायची. त्यांच्या तोंडून "पण ते बाहेरचे होते" असं मी एकदाही ऐकलं नाही. इंदूरकरांनी तरी काय सोवळं पाळलं? महूच्या छावणीत लष्करी नोकरीवर आलेला डेनिस कॉम्प्टन, अस्सल इंग्रज, १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात होळकरांकडून नाबाद २४९ करून गेला. महाराजांची इच्छा हाच पत्त्याचा पुरावा.

आज तरी काय वेगळं आहे? रणजीत प्रत्येक राज्याला बाहेरचे तीन खेळाडू घेता येतात. मुंबईचा वसीम जाफर विदर्भाकडून खेळला, विदर्भ २०१७-१८ ला विजेता झाला, सगळ्या नागपूरनं डोक्यावर घेतला. योग्यच केलं. खुद्द बेसबॉलच्या वर्ल्ड क्लासिकमध्ये एखाद्या देशाचं नागरिकत्व मिळू शकेल एवढ्यावरही त्या देशाचा शर्ट घालता येतो. २०१७ चा इस्रायलचा संघ बहुतेक सगळा अमेरिकेत जन्मलेल्या ज्यू खेळाडूंचा होता आणि त्यानं पहिल्या फेरीत भल्याभल्यांना गार केलं. म्हणजे तीस वर्षांच्या, लाखो डॉलर कमावणाऱ्या माणसाला आजीच्या नावावर देश मिळतो, आणि बारा वर्षांच्या मुलाला दोन रस्ते पलीकडे राहतो म्हणून किताब परत द्यावा लागतो.

साडू म्हणतात, मुलांच्या खेळात शिस्त जास्त हवी. मी म्हणतो, मुलांच्या खेळात शिस्त मोठ्यांना जास्त हवी. मूल आपला पत्ता स्वतः निवडत नाही. आई-वडील वेगळे झाले, भाडं वाढलं, बाबांची बदली झाली, की पत्ता बदलतो. मुलाला फक्त एवढं कळतं की आपले मित्र या मैदानावर आहेत.

१९५७ साली मेक्सिकोतल्या माँटेरे शहरातली गरीब घरची पोरं सीमेवरचा पूल चालत ओलांडून टेक्सासमध्ये आली. थोड्याच दिवसांचा परवाना, बदलायला पुरेसे कपडे नाहीत. एकेक सामना जिंकत गेली, परवान्याची मुदत संपत आली. त्या वेळी कुणीतरी शहाण्या माणसानं वर शब्द टाकला आणि मुदत वाढली. अंतिम सामन्यात आंखेल मासियासनं परफेक्ट गेम टाकला, ४-०, आणि अमेरिकेबाहेरचा पहिला विजेता ठरला. एखाद्या साहेबानं "नियम म्हणजे नियम" म्हणून फाइल मिटली असती तर? कागदावर त्याचं काही चुकलं नसतं.

लेकीला मी सांगितलंय, या हिवाळ्यात फॉर्म भरशील तेव्हा तुमच्या लीगच्या बोर्डाला माझं एक पत्रही दे. इंग्रजी तिनं नीट करून दिलंय. वय कडक तपासा, खोटं निघालं तर निकाल रद्द करा, हे त्यात पहिलं लिहिलंय. पण हद्दीचे नकाशे आणि पत्ते हंगाम सुरू व्हायच्या आत तपासून संस्थेनं सही करावी, आणि त्या सहीनंतर मुलांनी मैदानावर मिळवलेलं काही परत मागू नये. मागायचं असेल तर प्रशिक्षकाचं, बोर्डाचं आणि सही करणाऱ्याचं पद मागा. ज्या देशात जन्मनोंदणी धड नाही तिथल्या मुलांसाठी शाळेचा, दवाखान्याचा, गावातल्या जबाबदार माणसाचा दाखला धरा, आणि व्हिसाची खटपट मुलं विभागीय स्पर्धा जिंकण्याची वाट न बघता आधीच सुरू करा.

जावई म्हणाले, "बाबा, गावातल्या छोट्या लीगला हे लिहून काय होणार?" मी म्हटलं, वडील अकरा दिवस कचेरीत बसले होते, मला एक पत्र टाकायला काय जातंय. उत्तर आलं की इथे टाकतो. ज्यांची नातवंडं तिकडे खेळतात त्यांनी कळवा, पत्राची प्रत पाठवीन. नावं बदला आणि आपापल्या लीगला द्या.